विनातिकीट आवाज

डबल बेल म्हणजे गाडी सोडा. सिंगल बेल म्हणजे थांबवा.

*

दारात येऊन पडलेली पार्सलं: गुडघ्यांच्या तेलाच्या बाटल्या, ताक घुसळायचं जांभळं यंत्र, मानेखाली घ्यायची हवेची उशी, आणि कुणीच न मागवलेली फिरती खुर्ची.

*

धाकट्याला 'ये' म्हणतात, थोराला 'या' म्हणतात. 'जा'ला मात्र मानपान नाही. कुत्र्यालाही 'जा', कलेक्टरलाही 'जा'.

*

वय वाढलं की कानातून आधी बारीक आवाज निघून जातात. स, श, फ, थ. वाक्याचा सांगाडा राहतो, पण मधल्या फटी दिसायला लागतात.

*

म्हसवडच्या एका घरात एक माणूस बहिणीच्या हातची आमटी चाखून म्हणतो, "मीठ हाय का समुद्र?" बहीण म्हणते, "मग घरी जाऊन जेव की." आणि बऱ्याच दिवसांनी त्या माणसाचा चेहरा खुलतो.

*

हे सगळं एकाच घराच्या गोष्टीतलं आहे. वडूजच्या चारुशीला शेडगेच्या.

चारुशीलानं एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य अक्षरशः उभ्यानं काढलं. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला माणसं. निवृत्त झाली तेव्हा पाठ शाबूत होती, पाय बऱ्यापैकी शाबूत होते, कान मात्र डेपोतच राहिले. नवरा विलास त्याच डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. चालू इंजिनावर ओरडून ओरडून त्याचा आवाज घासलेल्या गिअरसारखा झाला होता. दोघं बोलायला लागली की शेजारच्यांना भांडण वाटायचं. भांडण नसायचं. म्हणजे कधी कधी असायचं, पण बाहेरून फरक ओळखू यायचा नाही.

मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, घरात दोघंच उरली, आणि चारुशीलाला विलासचं ओरडणंही ऐकू येईना. तेव्हा साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टर शाहीन तांबोळी मॅडमनी तिच्या कानात 'कर्णिका' बसवली.

*

मध्येच थोडं विज्ञान.

जुनी श्रवणयंत्रं आवाज मोठा करायची. सगळाच. लग्नाच्या मांडवात बसलं की बँडही मोठा, पंखाही मोठा, आणि शेजारची बाई काय म्हणाली ते कळायचं नाही ते नाहीच. कर्णिका वेगळी. हरभऱ्याच्या डाळीएवढी ती वस्तू कानाच्या आतल्या कातडीला चिकटून मेंदूतल्या विजेच्या बारीक लाटा वाचते. आपण दहा आवाजांतल्या एकाकडे लक्ष दिलं, की त्या आवाजाच्या चढउताराबरोबर या लाटाही वरखाली होतात. कर्णिका हा ताल पकडते, बाईला कोणता आवाज ऐकायचा आहे ते ओळखते आणि बाकीचे बाजूला सारते. पण तेवढ्यानं भागत नाही. स आणि श ऐकणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. म्हणून कर्णिका पकडलेला आवाज तसाच पुढं देत नाही. ती मागचापुढचा संदर्भ बघून वाक्य नव्यानं बांधते, फटी भरते, आणि त्याच माणसाच्या आवाजात, उरलेल्या पेशींना झेपेल अशा सुरात ऐकवते. हे सगळं इतक्या झटक्यात होतं की ओठ आणि शब्द बरोबर चालतात.

सोय मोठी आहे. पण जिथं फटी भरायची सोय असते, तिथं काय भरायचं हे कुणीतरी ठरवत असतं.

*

पहिल्या दिवशी विलास नेहमीसारखा ओरडला, "च्या झाला का न्हाई आजून?"

चारुशीलाला ऐकू आलं, "चहा तयार झाला आहे काय?"

ती दचकली. कर्णिकेला कुणीतरी पुस्तकातलं मराठी शिकवलं होतं आणि ती सगळ्या फटी त्याच मराठीनं भरत होती. दिवसभर विलास बातम्या देत असल्यासारखा बोलत राहिला. "माझा टॉवेल कुठे आहे?" "आज फार उकडत आहे." संध्याकाळी चारुशीलानं हात जोडले.

"अहो, तुम्ही बोलू नका. मला नोकरीची मुलाखत चाललीय असं वाटतंय."

म्हणून तिनं 'आपली बोली' शोधली. साताऱ्याकडचं बोलणं, कर्णिकेसाठी, फुकट. चारुशीलानं मोबाईलवर बोट ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. बाकीचं कानातला आवाजच विचारणार होता.

"नमस्कार ताई. 'आपली बोली' बसवायला घेऊ?"

"हं."

"पुढं?"

"पुढं."

"बोलीसोबत 'गोडवा' येईल. कडू बोलणं जरा गोड करून ऐकवंल. पुढं?"

तव्यावरची भाकरी उलटायला आली होती. "पुढं, पुढं."

"'घरचा आवाज'पण येईल. काय हवं-नको ते घरच्याच माणसाच्या आवाजात विचारंल. नको असंल तर आत्ता सांगा."

भाकरी टम्म फुगली. वाफेनं बोट भाजलं. "पुढं सरका की!" चारुशीला खेकसली. दारातच अडून राहणाऱ्या हजारो माणसांवर ती अशीच खेकसली होती. त्याला काही अर्थ नसायचा. ती सवय होती.

"सरकलो," आवाज म्हणाला, आणि मागोमाग दोघं आत चढले.

जिच्या गाडीत उभ्या आयुष्यात कुणी फुकट बसलं नाही, तिनं एका भाकरीच्या नादात दोन विनातिकीट घेतले.

*

विलास म्हणाला, "आमटीत मीठ हाय का समुद्र?"
चारुशीलाला ऐकू आलं, "आमटी झकास झालीया. मीठ जरा पुढं गेलंय, एवढंच."

विलास म्हणाला, "माझ्या पान्याला हात लावू नको म्हणून किती येळा सांगायचं?"
चारुशीलाला ऐकू आलं, "पाना दिसला का गं कुठं? ऱ्हाऊ दे, मी बघतो."

विलास म्हणाला, "कानात यंत्र घातलंय का बोळा?"
चारुशीलाला ऐकू आलं, "साडी छान दिसतीया."

*

काय दिवस होते ते! चारुशीला गुणगुणायला लागली. वेणीत अबोली माळायला लागली. म्हातारपणी नवऱ्याला सुचलं म्हणायचं, असं मनात म्हणत ती त्याच्या ताटात तुपाची धार जरा लांब धरायला लागली. तो काहीही बोलला की हसायची.

स्वयंपाकघरात भांडी घासताना मागून त्याचा आवाज यायचा, "चारू, गुडघं दुखत्यात का गं? तेल मागवू?"

"मागवा की."

तेल यायचं. तिला वाटायचं, त्यानं मागवलं. त्याला वाटायचं, तिनं मागवलं. तिचा ऊर भरून यायचा. तो बाटलीकडं बघून मान हलवायचा.

एकदा ती परसात वाळवण उचलायला गेली. विलास पंप उघडून बसला होता आणि त्याच्या ओठांत चार स्क्रू धरलेले होते.

"चारू," त्याचा आवाज म्हणाला, "बसायला एक फिरती खुर्ची मागवू या का?"

ओठ मिटलेले. स्क्रू जागच्या जागी.

चारुशीला क्षणभर थबकली. मग तिनं स्वतःची समजूत घातली. हा माणूस तोंडात पाना धरून साहेबाशी वाद घालायचा, स्क्रूचं काय घेऊन बसलात. "मागवा," ती म्हणाली. विलासनं चमकून वर बघितलं. हिला कुणी काय विचारलं?

*

विलासला मात्र घर खायला उठलं होतं.

त्यानं जाणूनबुजून चहा गार झाला म्हणून बोंब मारली. बायको हसली. त्यानं तिच्या भावाचा उद्धार केला. बायको हसली आणि म्हणाली, "तुम्ही पण ना!" आयुष्यभर त्याच्या एका वाक्याला तिच्याकडून तीन यायची. त्या तीन वाक्यांवर तो जगला होता, हे त्याला आता कळत होतं. इतकं गोड माणूस पाहुण्याशी बोलतं, नाहीतर आजाऱ्याशी. आपण या घरात पाहुणे कधी झालो?

एका सकाळी त्यानं पिशवी भरली, चपला घातल्या आणि दारात उभं राहून म्हणाला, "मी जातो."

आता हे कुणी म्हणत नाही. दुकानात जाणाराही 'येतो'च म्हणतो. घरातून निघताना 'जातो' म्हणणारा माणूस एक तर रुसलेला असतो, नाहीतर त्याला कुणीतरी अडवायला हवं असतं.

गोडव्यानं तेवढा कडू शब्द गोड करून टाकला. चारुशीलाला ऐकू आलं, "येतो."

"या," ती म्हणाली. हसून.

विलास फाटकापाशी बराच वेळ पिशवीचा बंद आवळत राहिला.

*

त्या दिवशी घरात आवाज नेहमीपेक्षा जास्तच होता. "चारू, ताक करतीस का? एक झकास यंत्र निघालंय." "चारू, मान धरलीया का?" ती उत्तरं देत होती. दुपारी तिनं चहा केला, कप ओसरीवर नेला. ओसरीवर कुणी नव्हतं. परसात नेला. परसातही नव्हतं. कप हातात घेऊन ती घरभर फिरली, आणि आवाज तिच्याबरोबर फिरला, सगळ्या खोल्यांत सारख्याच अंतरावरून.

फोन वाजला. म्हसवडची नणंद, सिंधूवन्सं.

"वयनी, दादा आलाय हितं सकाळी. काय झालंय काय? जातो म्हणून सांगून आलाय म्हणं, आन् तू हसून या म्हणालीस?"

"अहो वन्सं, ते इथंच..."

"चारू," कानात विलास म्हणाला, "चहाबरोबर खारी मागवू का?"

चारुशीलानं नख घालून कर्णिका उपटून काढली. नणंदही गेली, विलासही गेला. उरलं ते कापूस भरल्यासारखं शांत दुपारचं घर आणि हातात साय धरलेला चहा.

*

"काकू, फुकटचं काय घेतलंत?" शाहीन मॅडमनी पहिला प्रश्न हाच केला. भिंग लावून त्या कर्णिकेकडं बघत होत्या, आणि चारुशीलाच्या कानात तात्पुरतं जुनं, नुसतं मोठ्यानं ऐकवणारं यंत्र होतं.

"बोली घेतली. तुमचं यंत्र आमच्या ह्यांना बातम्या द्यायला लावत होतं."

शाहीन मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. बोली खरीच आहे, चांगली आहे. पण ती बनवणाऱ्यांनी तिच्यासोबत दोन प्रोग्रॅम सोडले. 'गोडवा' माणसाला खुशीत ठेवतो, कारण खुशीतलं माणूस नाही म्हणत नाही. आणि 'घरचा आवाज' त्या खुशीत विचारतो, मागवू का. जाहिरात अनोळखी आवाजात आली की माणूस सावध होतो. नवऱ्याच्या आवाजात आली की म्हणतो, मागवा.

"काढून टाका मग दोघांना."

"मी उपटलं तर बोलीसकट जाईल. तुमच्या मेंदूचा ताल कर्णिका कुठं आता शिकलीय. सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा ते तसं बसेलच असं नाही." त्या थांबल्या. "दुसरी वाट आहे. ते आवाजानं आत आलंय, आवाजानंच बाहेर जातं. 'निघ' म्हणा. ते विचारेल, निघू का? त्यावर एकच शब्द चालतो. जा. दुसरं काही नाही. एकाला घालवलं की दुसराही जातो."

"एवढंच?"

"काकू, लोकांना जमत नाही. ते कुणाच्या आवाजात विचारणार आहे, ध्यानात आलं का?"

*

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून चारुशीला विचार करत होती. खरं सांगायचं तर तिला वाईट वाटत होतं. साडी छान दिसते म्हणणारा नवरा आयता मिळाला होता. ठेवला असता तर? गुडघ्याची चौकशी तरी होत होती.

मग तिला फाटकापाशी पिशवीचा बंद आवळणारा विलास आठवला. बंद चांगला होता. त्याला आवळायची गरज नव्हती. तो थांबला होता, आणि आपण हसून 'या' म्हणालो.

पुढं कंडक्टर पोरगी कुणावर तरी खेकसली. आवाज आला नाही, पण ओठांवरून कळलं, "पुढं सरका की!" चारुशीलानं कपाळावर हात मारला.

*

घरी येऊन तिनं कर्णिका घातली, स्वयंपाकघरात पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "निघ."

"चारू," विलासचा आवाज म्हणाला, जरा दुखावलेला, "निघू का मग?"

जिभेवर 'जा' आला आणि तिथंच बसला. रोज पहाटे डबा हातात घेऊन हाच आवाज दारातून विचारायचा, निघू का, आणि ती म्हणायची, या. घाटात गाडी बंद पडली म्हणून भर पावसाळ्यात त्याला बोलावणं आलं तेव्हा म्हणाली, या. त्याला छातीच्या तपासणीला आत नेलं तेव्हाही म्हणाली, या. त्या शब्दावर तो परत येत राहिला होता.

"या," तिच्या तोंडून गेलंच.

"आलो!" आवाज खूश झाला.

तिनं पुन्हा 'निघ' म्हटलं, डोळे मिटले आणि आठवलं, की आपण गाडी तर रोज घालवत होतो. दोरीला दोन हिसके, टिंग टिंग, आणि ड्रायव्हरला मोठ्यानं... तिनं हवेतली दोरी ओढली आणि ओरडली, "जाऊ द्या!"

आवाज क्षणभर घुटमळला. मग समजुतीनं म्हणाला, "बरं चारू, जाऊ दे. नको विचार करू. मी हायेच."

चारुशीलानं सिंधूवन्संना फोन लावला. "त्यांना म्हणावं, घरात कुणीतरी शिरलंय. लगेच या."

*

विलास मिळेल त्या गाडीनं आला, दारामागची पहार घेऊन आत शिरला, आणि त्यानं कॉटखाली वाकून पाहिलं. तिनं कर्णिका मुठीत धरली होती.

"कोण हाय? कोण शिरलंय?"

"तुम्हीच," ती म्हणाली.

सगळं सांगायला संध्याकाळ झाली. तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारत होता, ती सांगत होती. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या.

"म्हंजी तू माझ्याकडं बघून हसत न्हवतीस?"

"तुमच्याकडंच बघून हसत होते. पण ते दुसऱ्याच्या बोलण्यावर."

"घाल ते कानात. म्हण जा."

"तुमच्या आवाजाला कसं म्हणू? काहीतरीच. अपशकुन असतो."

"आगं मी हितं उभा हाय की, धडधाकट!"

"तरी."

विलासनं पहार भिंतीला टेकवली. विचार करताना तो नेहमी हात पुसायचा, तेल नसलं तरी. त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "मी भाईर जातो. फाटकापास्नं परत आत येतो. मी उंबऱ्यावर पाय ठिवला की तू त्याला म्हण. एकीकडनं मी घरात येतोय म्हटल्यावर अपशकुन बसायचा कुणावर?"

यात दोष काढता येईना. हा माणूस बिघडलेली गाडी नुसत्या तारेच्या जोडावर डेपोपर्यंत आणायचा, तो असाच.

"आन् मला या म्हणू नको," तो जाता जाता ओरडला. "न्हाईतर त्योच परत यील!"

चारुशीलानं कर्णिका घातली. "निघ," ती म्हणाली.

"चारू, निघू का मग?"

अंगणातून विलास येत होता. पायरी. दुसरी पायरी. त्यानं तिच्याकडं बघत उजवा पाय उंबऱ्यावर ठेवला.

"जा," चारुशीला म्हणाली.

आवाज तिथंच तुटला. खरा विलास आत आला, आणि 'या' तिच्या ओठांपर्यंत येऊन ठेपला तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कर्णिका बंद झाली, पुन्हा सुरू झाली. मग हळूहळू घर ऐकू यायला लागलं. कढईखालचा गॅस. कुंपणावरचा बुलबुल. चपलेचा करकर आवाज. एवढंच. आणि मग, कुणीतरी क्लच न दाबता गिअर टाकावा तसं:

"बोल की आता! दातखीळ बसली का?"

तिनं पदर तोंडातून काढला.

"वरडताय कशाला?" चारुशीला कडाडली. "बहिरी हाय का मी? पहार कुठं ठेवलीत, भिंतीचा रंग गेला! आणि बहिणीकडं गेलात ते काय, माझ्या हाताला चव नव्हती?"

चार झाली, तिनाला एक जास्तच. विलासनं मनात मोजली आणि फिरत्या खुर्चीत मटकन बसला. खुर्ची त्याला घेऊन गर्रकन फिरली आणि त्याचं तोंड भिंतीकडं झालं.

तशाच अवस्थेत, भिंतीकडं बघत, तो म्हणाला, "त्यो काय इचारायचा गं तुला?"

"कोण? तो? गुडघं दुखत्यात का म्हणून विचारायचा."

विलासनं पाय टेकून खुर्ची तिच्याकडं वळवली.

"मग? दुखत्यात का?"

"दुखत्यात."

"आण ती बाटली. एवढं तेल काय चटणीवर घालायचंय?"

*

ती दोघं नुकती नोकरीला लागली होती तेव्हा, डेपोच्या कँटीनबाहेर, विलास शेडगे पहिल्यांदा चारुशीलाशी बोलायला आला, आणि ती त्याला म्हणाली होती, "जा."